पैसे कुठून आणणार, हा प्रश्न फक्त शाळेलाच का?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या खिशाचा आणि पोरांच्या शाळेचा आहे, म्हणून आधी शेवटपर्यंत वाचा, मग भांडा.

सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रायटनला टीयूसीचं अधिवेशन झालं. टीयूसी म्हणजे ब्रिटनमधल्या कामगार संघटनांचा महासंघ. १८६८ पासूनचा, आज ५० लाखांच्या वर सदस्य असलेला. तिथे यूसीयू या संघटनेने एक ठराव मांडला. ही संघटना कॉलेजांत आणि विद्यापीठांत शिकवणाऱ्यांची. ठरावाचं नावच होतं 'वेजेस नॉट वेपन्स', म्हणजे शस्त्रं नकोत, पगार द्या. सरकार संरक्षणावरचा खर्च वाढवत चाललंय त्याला विरोध, आणि तो पैसा पगार, आरोग्य, शिक्षण अशा सार्वजनिक सेवांकडे वळवा, ही मागणी. ठराव मंजूर झाला.

आपल्या इथल्या मराठी ग्रुपांवर ही बातमी फारशी फिरली नाही. जिथे फिरली तिथे प्रतिक्रिया ठरलेल्या. "मास्तरांना संरक्षणातलं काय कळतं?" "पुतिन दारात आला की खडू-फळा घेऊन लढणार का?" हसायला ठीक आहे. पण मला वाटतं, मुख्य मुद्द्यावर हे मास्तर बरोबर आहेत. एका बाबतीत त्यांचं नि माझं जमत नाही, तेही पुढे सांगतो.

आधी थोडं मागे जाऊ. याच टीयूसीने २०२२ मध्ये नेमका उलटा ठराव केला होता. युक्रेनवर हल्ला होऊन काही महिनेच झाले होते. जीएमबी या मोठ्या संघटनेने संरक्षण खर्च वाढवायला पाठिंबा देणारा ठराव आणला. जीएमबीचे बरेच सदस्य शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांत आणि जहाजबांधणीत आहेत, त्यामुळे त्यांची बाजू समजण्यासारखी होती. तो ठराव थोडक्या फरकाने मंजूर झाला. तीन वर्षांत कामगार चळवळीचं मत फिरलं. पुतिन सुधारला म्हणून तर नक्कीच नाही. मला विचाराल तर, मधल्या काळात पावती कुणाच्या नावाने फाटतेय ते लोकांना दिसलं.

त्या पावत्या एकेक करून बघू.

पहिली पावती २५ फेब्रुवारी २०२५ ची. पंतप्रधान स्टार्मर यांनी जाहीर केलं की संरक्षण खर्च एप्रिल २०२७ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के होईल. पैसा कुठून? परदेशांना दिल्या जाणाऱ्या मदतीतून. ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरलं. त्या खात्याच्या मंत्री अ‍ॅनेलीज डॉड्स यांनी तीन दिवसांत राजीनामा दिला. सरकारने वाढीचा आकडा वर्षाला १३.४ अब्ज पौंड असा सांगितला. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजच्या अभ्यासकांनी हिशेब करून दाखवलं की खरी वाढ ६ अब्जांच्या आसपास आहे. मदतीतून कापलेली रक्कमही साधारण तेवढीच. म्हणजे गरीब देशांतल्या दवाखान्यांचा आणि शाळांचा पैसा उचलला आणि सरळ दुसऱ्या खात्यात टाकला.

दुसरी पावती पुढच्याच महिन्यात, २६ मार्चला. अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी त्या एका वर्षासाठी संरक्षणाला २.२ अब्ज पौंड जास्तीचे दिले. त्याच निवेदनात आजारी आणि अपंग लोकांच्या भत्त्यांत कपात होती. सरकारच्याच खात्याचा अंदाज होता की त्यामुळे आणखी अडीच लाख लोक गरिबीत जातील, त्यात ५० हजार मुलं. पुढे जुलैमध्ये स्वतःच्याच खासदारांनी बंड केलं तेव्हा त्यातला मोठा भाग सरकारला मागे घ्यावा लागला.

तिसरी पावती अजून यायची आहे, आणि ती सगळ्यात मोठी आहे. जून २०२५ मध्ये हेग शहरात नाटोच्या बैठकीत ठरलं की २०३५ पर्यंत जीडीपीच्या ५ टक्के सुरक्षेवर खर्च करायचे. त्यातले ३.५ टक्के थेट सैन्यावर, १.५ टक्के संबंधित गोष्टींवर. ब्रिटनने सही केली. साधा हिशेब करा. ब्रिटनचा जीडीपी साधारण ३ हजार अब्ज पौंड आहे. २.५ वरून ३.५ वर जायचं म्हणजे आजच्या किमतीत दरवर्षी सुमारे ३० अब्ज जास्तीचे. इंग्लंडमधल्या सगळ्या सरकारी शाळांचं मूळ बजेट ६० अब्जांच्या थोडं वर आहे. म्हणजे शाळांच्या बजेटच्या जवळजवळ निम्मी रक्कम, आणि तीही फक्त वाढीची. ही कुठून येणार, यावर संसदेत किती तास चर्चा झाली? तुम्ही ऐकली का? मी तरी नाही.

आता शाळेकडे येऊ.

ऑगस्ट २०२३ आठवा. शाळा उघडायला चारच दिवस उरले असताना इंग्लंडमधल्या १०४ शाळांना सांगण्यात आलं की तुमच्या इमारतीतला काही भाग बंद करा. कारण 'राक' नावाचं हलकं, पोकळ काँक्रीट. १९५० ते १९९० च्या काळात ते सर्रास वापरलं गेलं, आणि आता ते अचानक कोसळू शकतं असं लक्षात आलं. आपल्यापैकी काहींच्या मुलांनी ते वर्ष तात्पुरत्या केबिनमध्ये काढलं. हे आभाळातून पडलेलं संकट होतं का? अजिबात नाही. त्याच वर्षी जूनमध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे एनएओने, अहवाल दिला होता. ७ लाख मुलं अशा शाळांत शिकताहेत ज्यांची मोठी दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी व्हायला हवी, असं त्यात म्हटलं होतं.

त्या अहवालातला एक आकडा मी तेव्हापासून विसरलेलो नाही. शिक्षण खात्याने हिशेब केला होता की इमारती नीट ठेवायच्या तर वर्षाला ५.३ अब्ज पौंड लागतील. अर्थखात्याने सरासरी ३.१ अब्ज मंजूर केले. फरक किती? २.२ अब्ज.

आता वरची दुसरी पावती परत वाचा. मार्च २०२५ मध्ये संरक्षणाला एका दमात जास्तीचे दिले ते किती? २.२ अब्ज.

वर्षं वेगळी, सरकारंही वेगळी, हे मला माहीत आहे. तो नेमका तोच पैसा होता असं मी म्हणत नाही. पण रक्कम तीच आहे. शाळेचं छप्पर म्हटल्यावर हीच रक्कम "परवडत नाही" झाली आणि संरक्षण म्हटल्यावर एका दुपारच्या भाषणात सापडली. शिक्षक संघटनांचं म्हणणं मला याच ठिकाणी पटतं. पैसा नसतो असं नाही. कुणाला द्यायचा ते ठरलेलं असतं.

पगाराचंही बघा. २०२५-२६ साठी इंग्लंडमधल्या शाळाशिक्षकांना ४ टक्के वाढ मिळाली. छान वाटतं. पण त्यातला पहिला १ टक्का शाळांनी आपल्या आहे त्या बजेटमधून 'काटकसर करून' काढायचा होता. जिथे आधीच मदतनीस कमी केलेत, जिथे पालकांकडे 'ऐच्छिक' वर्गणी मागितली जाते, तिथे काटकसर म्हणजे नक्की काय करायचं? शिक्षकाची पगारवाढ मुलांच्या मदतनिसाच्या पगारातून, असा तो प्रकार.

ज्यांनी ठराव मांडला त्या कॉलेज शिक्षकांची अवस्था त्याहून वाईट. इथलं कॉलेज म्हणजे आपल्याकडचं ज्युनिअर कॉलेज, आयटीआय आणि प्रौढांची रात्रशाळा एकत्र केल्यासारखं. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, नर्सिंगला जाणाऱ्या मुली, इंग्रजी शिकायला आलेली आपली काकू, सगळे तिथेच. २०१० नंतर या कॉलेजांना दर विद्यार्थ्यामागे मिळणारा पैसा महागाई धरून खूप कमी झाला आणि तो अजून भरून आलेला नाही. शिकवणाऱ्यांचा पगार शाळाशिक्षकांपेक्षा सरासरी काही हजार पौंडांनी कमी. वेल्डिंग शिकवणारा माणूस स्वतः वेल्डिंग करून जास्त कमावतो. मग तो शिकवायला का थांबेल?

विद्यापीठांत तर नोकऱ्या जाण्याचीच रांग लागली. जानेवारी २०२५ मध्ये कार्डिफ विद्यापीठाने ४०० पदं कमी करायचा प्रस्ताव ठेवला. त्यात नर्सिंगचा विभाग बंद करायचंही होतं. बराच आरडाओरडा झाल्यावर नर्सिंग वाचलं. मार्चमध्ये डंडी विद्यापीठाने ६०० च्या वर पदांवर कुऱ्हाड जाहीर केली. मे २०२५ मध्ये इंग्लंडच्या नियामक संस्थेने सांगितलं की ४३ टक्के संस्थांना त्या वर्षी तूट अपेक्षित आहे.

इथे सरळ बोललं पाहिजे. या नोकऱ्या पाणबुड्यांमुळे गेल्या असं म्हणणं चूक आहे. फी वर्षानुवर्षं ९,२५० पौंडांवर गोठलेली होती, परदेशी विद्यार्थी कमी झाले, काही ठिकाणी कारभारही ढिसाळ होता. आणि परदेशी विद्यार्थी म्हणजे कोण? पुण्या-नाशिकहून घर गहाण ठेवून एका वर्षाच्या मास्टर्सला येणारी आपलीच पोरं. त्यांच्या दुप्पट-तिप्पट फीवर ही विद्यापीठं चालत होती. २०२४ पासून त्यातल्या बहुतेकांना कुटुंब आणता येत नाही. शिकून झाल्यावरचा दोन वर्षांचा व्हिसा दीड वर्षावर आणायचंही ठरलं. म्हणजे सरकारने स्वतः पैसा द्यायचा नाही, आणि जे देत होते त्यांनाही दारातून परत पाठवायचं.

एक गंमत बघा. ज्या आठवड्यात ब्रायटनला हा ठराव मांडला जात होता, त्याच आठवड्यात सरकारने आपलं संरक्षण उद्योग धोरण जाहीर केलं. त्यात कौशल्य शिक्षणासाठी १८.२ कोटी पौंड आणि पाच नवी 'संरक्षण तंत्रज्ञान' कॉलेजं. वाईट आहे का? नाही, कॉलेजला पैसा मिळाला तर आनंदच आहे. पण याचा अर्थ असा झाला की वेल्डर जहाजाच्या नावाने शिकत असेल तर पैसा आहे आणि घरांचे हीट पंप बसवायला शिकत असेल तर नाही. वेल्डर तोच, मशीन तेच. फक्त दारावरची पाटी बदलली.

आता आक्षेपांकडे वळू. तुम्ही कमेंटमध्ये लिहिणार ते सगळे मला ठाऊक आहेत, म्हणून आधीच घेतो.

"रशियाचं काय?" हा खरा प्रश्न आहे आणि इथेच माझं यूसीयूशी पूर्ण जमत नाही. युक्रेनवर हल्ला झालाय, त्यांना विमानविरोधी क्षेपणास्त्रं लागतात, ती कुठल्यातरी कारखान्यात बनतात. 'शस्त्रं नकोत' एवढ्या घोषणेत याचं उत्तर नाही. संघटनेने ते द्यायला हवं. पण प्रश्न शून्य खर्च की भरमसाट खर्च असा नाहीच. ब्रिटन आजही वर्षाला ६० अब्ज पौंडांच्या आसपास सैन्यावर घालवतो, जगातल्या पहिल्या काही देशांत आहे. सिप्री या संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये रशियाचा लष्करी खर्च १४९ अब्ज डॉलर होता आणि नाटोतल्या युरोपीय देशांचा मिळून ४५४ अब्ज. रशियात माणूस आणि माल स्वस्त पडतो, त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही, मान्य. तरीही तिप्पट पैसा घालून आपण असुरक्षित असू, तर आधी विचारायला हवं की तो पैसा जातो कुठे.

जातो कुठे त्याचं एक उदाहरण. एजॅक्स नावाची चिलखती गाडी. २०१४ मध्ये ५८९ गाड्यांची ऑर्डर, खर्च साडेपाच अब्ज पौंड. २०१७ ला सैन्यात यायच्या होत्या. आवाज आणि हादरे इतके की चाचण्यांमध्ये सैनिकांच्या कानांना इजा झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये "आता तयार आहे" असं जाहीर झालं, आणि त्याच महिन्यात सरावात सुमारे ३० सैनिक आजारी पडले. वापर परत थांबवला. आता कल्पना करा, एखाद्या मुख्याध्यापकाने साडेपाच अब्ज सोडा, साडेपाच हजार पौंड असे घालवले असते तर? तपासणी लागली असती, नोकरी गेली असती, स्थानिक पेपरात फोटो आला असता. इथे मात्र बजेट वाढलं. आणि एनएओने डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं होतं की पुढच्या दहा वर्षांच्या लष्करी खरेदीच्या योजनेत १६.९ अब्जांची तूट आहे.

"कारखान्यांतल्या नोकऱ्यांचं काय?" हाही प्रश्न फालतू नाही. बॅरोसारखं अख्खं गाव पाणबुड्यांवर जगतं. जीएमबीच्या कामगाराला "तुझं काम नको" असं सांगायला मास्तर गेले तर तो दार आपटणारच. पण याच देशात १९७६ साली लुकास एरोस्पेस या कंपनीच्या कामगारांनी एक योजना बनवली होती. कंपनी निम्म्याच्या आसपास धंदा लष्करावर करायची, नोकऱ्या जाणार होत्या. कामगारांनी स्वतः बसून आपल्याच मशिनांवर आणखी काय बनवता येईल याच्या सुमारे १५० कल्पना लिहून काढल्या. डायलिसिसची यंत्रं, हीट पंप, हायब्रिड इंजिन. व्यवस्थापनाने योजना फेटाळली. आज हीट पंप आणि हायब्रिड गाड्या आपण बाहेरून विकत घेतो. कल्पनांची कमतरता तेव्हाही नव्हती, तयारी मात्र नव्हती. शिक्षक आणि कारखान्यातले कामगार एका टेबलावर बसून असं काही मांडतील, तेव्हा या ठरावाला खरं वजन येईल. तोवर तो अर्धाच आहे.

"सैनिकांचा अपमान आहे हा." हा आक्षेप आपल्या लोकांत जास्त. साहजिक आहे. सातारा-कोल्हापूरकडच्या घराघरात कुणीतरी फौजेत असतं. दुसऱ्या महायुद्धात इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण सैनिक आणि शस्त्रखरेदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षण समितीने सांगितलं की सैनिकांच्या कुटुंबांच्या घरांपैकी दोन तृतीयांश घरं आजच्या दर्जाची करायला मोठी दुरुस्ती लागेल. ओल, बुरशी, बंद पडलेले बॉयलर. संरक्षणावर अब्जावधी खर्च करणारा देश सैनिकाच्या पोराला कोरडी खोली देऊ शकला नाही. त्या पोराची शाळाही सरकारीच, त्याच्या आईचा दवाखानाही एनएचएसचाच. सार्वजनिक सेवा मोडल्या तर सैनिकाचं घर त्यातून सुटत नाही.

"मास्तरांनी शिकवावं, राजकारण करू नये." मग हे सांगणार कोण? उपाशी आलेलं पोर सकाळी पावणेनऊला वर्गशिक्षिकेलाच दिसतं. छतातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली बादली तीच ठेवते. अर्थखात्यात बसलेल्यांना यातलं काही दिसत नाही. ज्याला दिसतं त्याने बोलू नये, हा कुठला न्याय?

आणि बोलून काही होत नाही असंही नाही. तिसऱ्या मुलापासून भत्ता बंद करणारा नियम इथे एप्रिल २०१७ पासून होता. शिक्षक संघटना, मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था, चर्चवाले, सगळे वर्षानुवर्षं ओरडत होते. उत्तर एकच: तीन अब्ज कुठून आणणार? नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये तो नियम एप्रिल २०२६ पासून रद्द करायचं जाहीर झालं. सरकारचाच अंदाज आहे की त्यामुळे साडेचार लाख मुलं गरिबीतून बाहेर येतील. तीन अब्ज सापडले की नाही?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. शाळा पैसे मागते तेव्हा जे प्रश्न विचारतो, तेच संरक्षण खात्यालाही विचारा. कशासाठी, किती, कुठून, आणि मागच्या वेळी दिले त्याचं काय झालं? यात देशद्रोह नाही, हा घरखर्चाचा साधा हिशेब आहे.

शेवटी एक कामाची गोष्ट, जी आपल्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नसते. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असला, वर्क व्हिसावर असलात तरी कॉमनवेल्थ देशाचे नागरिक म्हणून तुम्हाला इथे मतदानाचा हक्क आहे. कौन्सिललाही आणि संसदेलाही. सरकारी वेबसाइटवर नाव नोंदवायला पाच मिनिटं लागतात. "आपण बाहेरचे, आपल्याला काय" असं म्हणत बसू नका. कर आपण भरतो, एनएचएसचा सरचार्ज वेगळा भरतो, पोरं आपली त्याच वर्गात बसतात. खासदार दार वाजवायला आला की त्याला एवढंच विचारा: ३.५ टक्क्यांचे ३० अब्ज कुठल्या खात्यातून काढणार आहात?

ग्रुपात शाळा-कॉलेजांत काम करणारे बरेच जण आहेत, आणि संरक्षण कंपन्यांत नोकरी करणारेही. दोघांनीही लिहा. नावं-गावं नकोत, पण रोज काय दिसतं ते सांगा. शिव्या सोडून बाकी सगळ्या कमेंट वाचेन.